न्यूयॉर्कच्या सेंट वार्तान आर्मेनियन कॅथेड्रलला धर्मग्रामाची तीर्थयात्रा: आखणीपासून परतीपर्यंत

धर्मग्रामाची, म्हणजे पॅरिशची, यात्रा ठरली की आयोजकांच्या पहिल्या बैठकीत बसचे भाडे निघते, दुसरीत जेवण आणि तिसरीत टोप्यांचा रंग. ज्या उपासनेसाठी एवढी माणसे पहाटे उठून निघणार असतात, तिचा विषय बहुधा शेवटच्या आठवड्यात आणि तोही घाईने निघतो. सेंट वार्तान कॅथेड्रलची यात्रा आखताना हा क्रम उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे रविवारी होणारी बादाराक, म्हणजे आर्मेनियन चर्चची मिस्सा, हा त्या दिवसाचा कणा आहे. तिची वेळ पक्की धरून तिथून मागे मोजत बस, जेवण आणि बाकीचे सगळे ठरवले, तर दिवस सुरळीत जातो. तसे केले नाही, तर पन्नास माणसे एका सुंदर इमारतीत दोन तास अवघडून बसतात आणि बाहेर आल्यावर फक्त धुपाच्या धुराबद्दल बोलतात.

न्यू जर्सी, कनेक्टिकट, पेनसिल्व्हेनिया किंवा मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या आणि आपल्या धर्मग्रामाच्या मंडळावर काम करणाऱ्या मराठी ख्रिस्ती वाचकांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे. मुलाबाळांकडे वसईहून किंवा अहमदनगरहून आलेल्या आणि अशा बसमध्ये बसू पाहणाऱ्या पाहुण्यांनाही यातला बराचसा भाग उपयोगी पडेल.

आधी कॅथेड्रल नक्की करा

ही सूचना अनावश्यक वाटेल, पण मॅनहॅटनच्या पूर्व भागात आर्मेनियन अपोस्टोलिक चर्चची दोन कॅथेड्रल आहेत आणि त्यांच्यात जेमतेम सात-आठ गल्ल्यांचे अंतर आहे. सेंट वार्तान हे सेकंड ॲव्हेन्यूवर ३४व्या आणि ३५व्या रस्त्यांच्या मध्ये, ६३० क्रमांकाला आहे. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या आर्मेनियन डायोसिसचे, म्हणजे धर्मप्रांताचे, हे पीठ असून ते आर्मेनियातल्या एचमियाझिन या मुख्य पीठाच्या अधिकाराखाली येते. सेंट इल्युमिनेटर्स हे दुसरे कॅथेड्रल पूर्वेकडच्या २७व्या रस्त्यावर, २२१ क्रमांकाला आहे. ते ईस्टर्न प्रेलसी या वेगळ्या धर्मप्रांताचे असून लेबनॉनमधल्या अंतेलियास येथील किलिकियाच्या पीठाशी जोडलेले आहे. दोन्हींची श्रद्धा आणि उपासना एकच आहे; फरक फक्त प्रशासनाचा आहे.

या फुटीमागचा इतिहास दुःखद आहे. २४ डिसेंबर १९३३ रोजी न्यूयॉर्कच्याच वॉशिंग्टन हाइट्स भागातल्या होली क्रॉस चर्चमध्ये, उपासनेची मिरवणूक चालू असताना आर्चबिशप घेवोंद तूरियान यांचा खून झाला आणि आधीच धुमसत असलेले राजकीय मतभेद चर्चच्या विभाजनापर्यंत गेले. पाहुण्यांनी हा विषय जेवणाच्या टेबलावर काढू नये. आयोजकांना मात्र तो ठाऊक असावा, म्हणजे एका कॅथेड्रलच्या कार्यालयात फोन करून दुसऱ्याची चौकशी करण्याचा प्रसंग येणार नाही. बसचालकाला पत्ता देतानाही नुसते ‘आर्मेनियन कॅथेड्रल’ असे न सांगता रस्त्याचे नाव आणि क्रमांक लेखी द्यावा.

पहिल्या यात्रेसाठी मी सेंट वार्तानच सुचवतो. उत्तर अमेरिकेत आर्मेनियन अपोस्टोलिक कॅथेड्रल म्हणून मुद्दाम बांधलेली ही पहिली वास्तू आहे. २८ एप्रिल १९६८ रोजी कॅथोलिकोस, म्हणजे आर्मेनियन चर्चचे सर्वोच्च धर्मप्रमुख, वाझगेन पहिले यांच्या हस्ते तिचे अभिषेकविधी झाले. एचमियाझिनच्या संत हृप्सिमे यांच्या इ.स. ६१८च्या चर्चवरून तिचा आराखडा घेतलेला असल्यामुळे आर्मेनियाला न जाताही त्या बांधणीची कल्पना इथे येते.

रविवार निवडताना

आर्मेनियन चर्च ईस्टरची तारीख आपल्याप्रमाणेच ग्रेगरी दिनदर्शिकेने ठरवते, त्यामुळे उपवासकाळाचे आठवडे जवळजवळ जुळतात. म्हणूनच पहिला नियम असा, की उपवासकाळातले रविवार टाळावेत. त्या काळात वेदीपुढचा मोठा पडदा बंद राहतो, बादाराक त्या पडद्यामागे होते आणि भाविकांना ख्रिस्तप्रसाद दिला जात नाही. जाणत्या माणसाला त्या बंद पडद्याचा अर्थ खोलवर भिडतो; प्रथमच आलेल्या माणसाला मात्र आपण चुकीच्या दिवशी आलो असेच वाटते. झावळ्यांच्या रविवारी पडदा पुन्हा उघडतो.

ईस्टरनंतरचे रविवार, मेअखेरपर्यंत, सर्वांत सोयीचे असतात. २४ एप्रिलच्या आसपासचा रविवार निवडायचा असेल, तर तो जाणीवपूर्वक निवडावा. १९१५ साली त्याच दिवशी कॉन्स्टँटिनोपलमधल्या आर्मेनियन पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली आणि तो दिवस नरसंहाराच्या स्मरणाचा मानला जातो. २०१५ साली, शताब्दीच्या वर्षी, आर्मेनियन चर्चने त्या बळींना संतपद दिले. त्या सुमारास कॅथेड्रलमध्ये गर्दी असते आणि वातावरण गंभीर असते, त्यामुळे सहलीच्या मनःस्थितीतला गट तिथे शोभत नाही.

पंधरा ऑगस्टच्या जवळच्या रविवारी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण येतो आणि त्या दिवशी द्राक्षांना आशीर्वाद देऊन ती वाटली जातात. लहान मुलांसाठी हा फार चांगला दिवस आहे. चौदा सप्टेंबरच्या जवळच्या रविवारी क्रूसाच्या गौरवाचा सण असतो. त्या सणाला क्रूस सुवासिक पानांनी सजवतात आणि ती पाने आपल्या तुळशीच्याच कुळातल्या झुडपाची असतात. मराठी माणसाला तो वास दारातूनच ओळखीचा वाटेल. संत वार्तान यांचा स्वतःचा सण उपवासकाळाच्या तोंडावर येणाऱ्या गुरुवारी असतो, त्यामुळे नोकरदारांच्या गटाला तो जमणे कठीण. आर्मेनियन नाताळ ६ जानेवारीला येतो.

शहराकडूनही अडचणी येतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी जगभरचे नेते जमतात, तेव्हा फर्स्ट ॲव्हेन्यूचा परिसर पोलिसांच्या अडथळ्यांनी भरलेला असतो आणि कॅथेड्रल तिथून फार लांब नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी न्यूयॉर्क मॅरेथॉन असते. हे दोन्ही दिवस सोडून द्यावेत.

गट कॅथलिक असेल, तर आणखी एक बाब पहिल्याच पत्रकात छापावी. कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे रविवारच्या मिस्सेचे बंधन कॅथलिक विधीतल्या मिस्सेनेच पूर्ण होते. आर्मेनियन अपोस्टोलिक चर्च रोमशी संयुक्त नाही, त्यामुळे आपल्या लोकांनी शनिवारी संध्याकाळची किंवा परतल्यावर रविवारी संध्याकाळची मिस्सा करावी. ही गोष्ट आधी सांगितली नाही, तर बसमध्ये कोणीतरी ज्येष्ठ बाई ती विचारतातच आणि त्यांचा प्रश्न योग्यच असतो.

कॅथेड्रलशी संपर्क

तीन महिने आधी आपल्या फादरांच्या सहीचे पत्र कॅथेड्रलच्या कार्यालयाला पाठवावे. रविवारची बादाराक कोणासाठीही खुली असते आणि दोघा-चौघांना पत्राची गरज नाही. पन्नास माणसे न कळवता आली, तर बाक, पुस्तके आणि नंतरची कॉफी या सगळ्यांचा हिशेब चुकतो. पत्रात माणसांची अंदाजे संख्या, वृद्ध आणि चाकांच्या खुर्चीवरच्या व्यक्तींची संख्या आणि मुलांची संख्या द्यावी. मग पुढील प्रश्न विचारावेत: त्या रविवारी सकाळची प्रार्थना आणि बादाराक किती वाजता सुरू होतात, गायकवृंद हजर असतो की उन्हाळी सुट्टीवर, बादाराकनंतर कोणी वास्तू दाखवू शकेल का, आणि जेवणासाठी सभागृह मिळेल का.

चौक रस्त्यापेक्षा उंचावर असून समोर पायऱ्या आहेत, म्हणून पायऱ्या टाळून आत कोठून जाता येते, हा प्रश्न वेगळा लिहावा आणि उत्तर लेखी घ्यावे. गुडघ्यांचे दुखणे असलेल्या माणसाला ‘तिथे गेल्यावर बघू’ हे उत्तर देऊ नये.

संबोधनांची माहितीही आधीच करून घ्यावी. आर्मेनियन चर्चमध्ये विवाहित पुरुषही धर्मगुरू होतात आणि त्यांना ‘देर हायर’ म्हणतात. अविवाहित मठवासी धर्मगुरूंना ‘हायर सूर्प’ आणि बिशपांना ‘सर्पाझान’ असे संबोधतात. आपल्या तोंडून ही संबोधने निघाली की यजमानांच्या चेहऱ्यावर पडणारा फरक लगेच दिसतो.

बस, आणि बसला पर्याय

मोठ्या बसमध्ये साधारण पन्नास ते छप्पन आसने असतात. करार करताना भाड्याइतकेच लक्ष चार बाबींकडे द्यावे.

पहिली बाब प्रवेशशुल्काची. ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या ६०व्या रस्त्यापर्यंतच्या दक्षिण भागात शिरणाऱ्या वाहनांना गर्दीचे शुल्क लागते आणि सेंट वार्तान त्या भागातच येते. शनिवारी-रविवारी सकाळी नऊ ते रात्री नऊ हा महाग काळ आहे, त्याआधी शुल्क बरेच कमी असते. खासगी मोटारीला ई-झेडपास, म्हणजे टोल आपोआप भरणारी पट्टी, असल्यास महाग काळात ९ डॉलर आणि एरवी सव्वादोन डॉलर असा दर लागू झाला. बसचा दर निराळा असतो. तो आणि बोगद्याचा टोल भाड्यात धरलेला आहे की वेगळा, हे करारात लिहून घ्यावे. न्यू जर्सीकडून येताना लिंकन बोगद्याचा टोल फक्त न्यूयॉर्कमध्ये शिरताना द्यावा लागतो.

दुसरी बाब मार्गाची. कनेक्टिकटच्या मेरिट पार्कवेवर आणि मॅनहॅटनच्या एफडीआर ड्राइव्हवर बसना बंदी आहे, त्यामुळे मोटारीने नेहमी जाणाऱ्या माणसाचा ‘जवळचा रस्ता’ बसला चालत नाही. मार्ग चालकावर सोपवावा.

तिसरी बाब उतरण्याच्या जागेची. सेकंड ॲव्हेन्यू दक्षिणेकडे जाणारा एकेरी रस्ता आहे, कॅथेड्रल त्याच्या पूर्व बाजूला आहे आणि बसचे दार उजवीकडे, म्हणजे पश्चिमेकडे उघडते. चालकाने समोरच थांबवले तरी सगळ्या गटाला रुंद रस्ता ओलांडावा लागतो. ३४वा रस्ता दुहेरी आहे. फर्स्ट ॲव्हेन्यूकडून पश्चिमेला येताना उजवी बाजू कॅथेड्रलची पडते. तिथे बसच्या राखीव मार्गिका असल्याने नेमके कोठे थांबता येईल, हे कंपनीने आधी तपासावे. उतरवल्यावर बस तिथे उभी राहू शकत नाही. शहरात इंजिन चालू ठेवून तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबल्यास दंड होतो. बस दिवसभर कोठे उभी राहणार आणि चालकाचा फोन नंबर कोणाकडे असणार, हे आदल्या दिवशी पक्के करावे.

चौथी बाब चालकाच्या तासांची. प्रवासी बसच्या चालकाला एका पाळीत कमाल दहा तास गाडी चालवता येते आणि पंधरा तासांच्या कामानंतर त्याने चाक हाती धरायचे नसते. न्यू जर्सीतल्या एडिसनहून येणाऱ्यांना याची चिंता नाही. वूस्टर किंवा बॉस्टनहून पहाटे निघून रात्री परतणाऱ्या गटाने मात्र दुपारचा कार्यक्रम लांबवू नये.

पंधरा-वीस जणांचा गट असेल, तर बस करूच नये. मेट्रोपार्क किंवा एडिसनहून न्यू जर्सी ट्रान्झिटच्या गाडीने पेन स्टेशनला उतरावे आणि तिथून ३४व्या रस्त्यावरून पूर्वेकडे जाणारी एम३४ सिलेक्ट बस घ्यावी. मेट्रो-नॉर्थने ग्रँड सेंट्रलला येणाऱ्यांनी ६ क्रमांकाच्या भुयारी रेल्वेने ३३व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरून पूर्वेकडे चालत जावे. रविवारी भुयारी रेल्वेत दुरुस्तीची कामे निघतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक पाहणे आवश्यक आहे.

आता उलटी मोजणी करू. बादाराक साडेदहाला आहे असे धरले, तर दहाच्या आत बाकांवर बसायला हवे. पन्नास माणसे उतरणे, स्वच्छतागृह आणि मेणबत्त्या यांत पाऊण तास सहज जातो, म्हणजे सव्वानवाला बसमधून उतरावे. नऊपूर्वी शहरात शिरले तर शुल्कही कमी लागते. एडिसनहून साडेसातला निघालेला गट यात आरामात बसतो. लवकर पोहोचल्याने वेळ वायाही जात नाही, कारण बादाराकपूर्वी सकाळची प्रार्थना असते. ती शांत असते, गर्दी नसते आणि नव्या माणसाचे कान त्या सुरांना तिथेच सरावतात.

दोन आठवडे आधीची बैठक

यात्रेचा खरा फायदा किंवा तोटा इथे ठरतो. आपल्या मिस्सेनंतर पाऊण तासाची बैठक घ्यावी आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिला बोलवावे. सांगायचे फार नाही, पण नीट सांगावे.

परंपरेनुसार इ.स. ३०१ मध्ये संत ग्रेगरी प्रकाशदाता यांच्यामुळे आर्मेनियाच्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ४०५ साली मेस्रोप माश्तोत्स यांनी आर्मेनियन लिपी तयार केली आणि बायबल त्या भाषेत आले. ४५१ साली अवारायरच्या रणांगणावर सेनापती वार्तान मामिगोनियान पर्शियाच्या सैन्याशी लढताना पडले. पर्शियन सम्राट आर्मेनियनांवर झरतुष्ट्री धर्म लादू पाहत होता. ती लढाई आर्मेनियनांनी गमावली, पण झगडा चालूच राहिला आणि ४८४ साली न्वारसाकच्या तहाने त्यांना धर्मस्वातंत्र्य मिळाले. कॅथेड्रलला ज्यांचे नाव आहे ते हेच वार्तान.

त्याच ४५१ साली कॅल्सेडनची धर्मपरिषद भरली होती आणि युद्धात गुंतलेले आर्मेनियन तिला हजर नव्हते. पुढे त्यांनी त्या परिषदेचा ख्रिस्ताच्या दैवी आणि मानवी स्वरूपाविषयीचा निर्णय नाकारला. त्यामुळे त्यांचे चर्च कॉप्टिक, सिरियाक, इथिओपियन आणि केरळच्या मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चच्या कुटुंबात मोडते. शेजारच्या मल्याळी कुटुंबाला विचारले तर यातले पुष्कळ त्यांच्याकडूनच कळेल. कॅथलिकांना हेही सांगावे, की १९९६ च्या डिसेंबरमध्ये पोप जॉन पॉल दुसरे आणि कॅथोलिकोस कारेकिन पहिले यांनी ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी संयुक्त घोषणा केली आणि त्या जुन्या वादाची धार बरीच बोथट झाली.

मुंबईकरांसाठी एक दुवा जवळचा आहे. फोर्टमधल्या मेडोज स्ट्रीटवरचे सेंट पीटर हे आर्मेनियन चर्च १७९६ सालचे आहे. सुरत आणि मुंबईच्या व्यापारात आर्मेनियनांनी पिढ्यान्‌पिढ्या काढल्या. हे ऐकल्यावर ‘हे लोक कोण’ हा प्रश्न उरत नाही.

बैठकीत पोशाखाची सूचनाही द्यावी. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. साडी उत्तमच, पण चौकात वारा असतो म्हणून थंडीत वर जाड कोट हवा. अनेक स्त्रिया ख्रिस्तप्रसाद घेताना डोके झाकतात, तेव्हा पर्समध्ये ओढणी ठेवलेली बरी. दमा असलेल्यांनी धुपापासून दूर, दाराकडच्या बाकांवर बसावे आणि पंप हाताशी ठेवावा. सर्वांत जवळचे मोठे रुग्णालय फर्स्ट ॲव्हेन्यूवर, ३३व्या-३४व्या रस्त्यांजवळ आहे. ते एनवाययू लँगोन.

गटाचे दहा-दहा जणांचे भाग पाडून प्रत्येकाला एक प्रमुख नेमावा. दिंडीत वीणेकरी जसा सगळ्यांच्या नजरेत असतो तसा तो दिसत राहिला पाहिजे, मग शिट्ट्या आणि झेंडे लागत नाहीत.

प्रत्यक्ष बादाराक

प्रवेशदालनात वाळूच्या तबकांत मेणबत्त्या लावायची सोय असते. दानपेटीत पैसे टाकावेत, मेणबत्ती लावावी आणि क्षणभर थांबून आत जावे. मुख्य दालनात गेल्यावर पहिली नजर वर जाते. घुमट खांबांवर न पेलता एकमेकांना छेदणाऱ्या कमानींवर पेललेला आहे, त्यामुळे मधली सगळी जागा मोकळी राहते. खिडक्या उंच आणि अरुंद आहेत. हे सगळे बसल्या जागेवरून पाहता येते. फिरून पाहण्याची वेळ नंतर येते.

बाकांवरच्या पुस्तकात आर्मेनियन मजकूर, त्याचा रोमन लिपीतला उच्चार आणि इंग्रजी भाषांतर शेजारी शेजारी असते. उपासनेची भाषा ग्राबार, म्हणजे प्राचीन आर्मेनियन आहे. ती आजच्या आर्मेनियन माणसालाही शिकल्याशिवाय पूर्ण कळत नाही, त्यामुळे आपल्याला कळली नाही याचे वाईट वाटून घेऊ नये. पुस्तकात डोके घालून ओळ न ओळ शोधण्यापेक्षा थोडे वाचावे आणि जास्त ऐकावे. कोठे उभे राहायचे आणि कोठे बसायचे, हे पुढच्या बाकांवरच्या जुन्या सभासदांना पाहून ठरवावे. क्रूसाची खूण डावीकडून उजवीकडे, कॅथलिकांप्रमाणेच करतात.

मराठी कॅथलिकांना अनेक गोष्टी अनपेक्षितपणे ओळखीच्या वाटतील. सुरुवातीला धर्मगुरू पापांची कबुली देतात आणि ‘मी देवाच्या वेदीपाशी जाईन’ हे स्तोत्र म्हटले जाते. शेवटी योहानाच्या शुभवर्तमानाचा प्रारंभ वाचतात. हे भाग मध्ययुगात, धर्मयुद्धांच्या काळात किलिकियातल्या आर्मेनियनांचा लॅटिन चर्चशी निकटचा संबंध आला तेव्हा त्यांच्याकडे गेले. आपल्याकडे १९६०च्या दशकातल्या बदलांत ते मिस्सेतून निघाले, तिथे मात्र राहिले. ज्यांनी वसईत लहानपणी लॅटिन मिस्सा ऐकली आहे अशा आजी-आजोबांना मुद्दाम पुढे बसवावे.

काही गोष्टी मात्र पूर्णपणे वेगळ्या असतात. वेदी उंच चौथऱ्यावर असते आणि तिच्यापुढचा पडदा उपासनेच्या ठरावीक क्षणी ओढला आणि उघडला जातो. धर्मगुरू मुकुट घालतात. वेदीवर सेवा करणारे बूट काढून मऊ सपाता घालतात, कारण जळत्या झुडपापुढे मोशेला पायतण काढायला सांगितले होते. देवळाबाहेर चप्पल काढणाऱ्या देशातून आलेल्यांना याचे स्पष्टीकरण लागत नाही. डीकन लांब दांडीवरच्या धातूच्या चकत्या हलवतात, त्यांना घुंगरे असतात आणि त्यांचा नाद गायनात मिसळतो. अमेरिकेतले आर्मेनियन गायकवृंद बहुधा मकार येकमालियान यांची रचना गातात. ते प्रसिद्ध आर्मेनियन संगीतकार कोमितास यांचे गुरू. ‘देर वोघोर्म्या’, म्हणजे प्रभू दया कर, हा भाग आला की पुस्तक मिटून ठेवावे.

मध्यंतरी शांतीचा नमस्कार वेदीपासून बाकाबाकांतून मागे येतो. शेजारी दोन्ही खांद्यांकडे झुकून म्हणतो, ‘क्रिस्दोस ई मेच मेर हायदनेत्साव’, म्हणजे ख्रिस्त आपल्यामध्ये प्रकट झाला आहे. त्याला ‘ओर्हन्याल ए हायदनुत्यूनुन क्रिस्दोसी’, ख्रिस्ताचे प्रकट होणे धन्य असो, असे उत्तर द्यायचे आणि तो नमस्कार पुढच्याला द्यायचा. बसमध्ये हे दोनदा म्हणवून घेतले तर मुले मोठ्यांपेक्षा आधी शिकतात. हस्तांदोलनासाठी हात पुढे करू नये.

बादाराक दीड ते दोन तास चालते आणि त्यानंतर मृतांसाठी विशेष प्रार्थना असेल तर आणखी थोडी लांबते. या काळात फोटो काढू नयेत. फोन बंद करून ठेवावा. लहान मूल रडू लागले तर त्याला घेऊन प्रवेशदालनात जावे, तिथेही गायन ऐकू येते.

ख्रिस्तप्रसादाचा प्रश्न

या बाबतीत आयोजकांनी संकोच करू नये, कारण अनिश्चिततेमुळे ऐन वेळी रांगेत अवघड प्रसंग उभा राहतो. आर्मेनियन चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद आपल्या बाप्तिस्माप्राप्त सभासदांना आणि सहभागिता असलेल्या वर नमूद केलेल्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या सभासदांना दिला जातो. आधी सर्वांसाठी सामूहिक पापनिवेदन होते. भाकर बेखमीर असते, द्राक्षारसात पाणी मिसळत नाहीत आणि धर्मगुरू रसात भिजवलेला तुकडा थेट तोंडात देतात. इतर चर्चच्या लोकांनी काय करायचे, हे आपल्या फादरांनी कॅथेड्रलच्या धर्मगुरूंशी आधी बोलून ठरवावे आणि बैठकीत स्पष्ट शब्दांत सांगावे. जे रांगेत जाणार नाहीत त्यांना शेवटी ‘मास’ मिळतो. ही आशीर्वादित पातळ भाकर असून ती सर्वांना दिली जाते आणि घरी राहिलेल्या आजारी माणसांसाठीही नेतात. त्यासाठी स्वच्छ रुमाल किंवा छोटी डबी बरोबर ठेवावी.

ख्रिस्तप्रसाद घेणारे सकाळपासून उपाशी राहतात. मधुमेह असलेल्यांनी याबाबतीत डॉक्टरांचे ऐकावे.

दुपार

बादाराकनंतर कॉफीसाठी थांबावे, लगेच बसकडे पळू नये. यजमानांशी खरी ओळख तिथेच होते. मग वास्तू पाहावी आणि चौकात यावे. तिथे शिल्पकार रूबेन नाकियान यांचे क्रूसावरून ख्रिस्ताला उतरवण्याचे ब्राँझ शिल्प आहे आणि नरसंहाराच्या शताब्दीच्या वर्षी मायकल अराम यांनी घडवलेले स्थलांतराविषयीचे शिल्पही आहे. मुले कंटाळली असतील तर ३५व्या रस्त्यापलीकडे सेंट वार्तान पार्क आहे.

जेवणाचे दोन पर्याय आहेत. सभागृह मिळाले तर लाहमाजून (खिम्याची पातळ भाजलेली रोटी) आणि पिलाफ (पुलाव) मागवता येतो. शाकाहारी किती, हे आठवडाभर आधी कळवावे. नाहीतर दहा-पंधरा मिनिटे चालत लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूच्या २७व्या-२८व्या रस्त्यांकडे जावे, जिथे भारतीय उपाहारगृहांची रांगच आहे. मी हा दुसरा पर्याय पसंत करतो आणि कारण निव्वळ भुकेचे नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच परिसरात आर्मेनियनांची वस्ती होती. लेक्सिंग्टनवर १२३ क्रमांकाला असलेले कलुस्त्यान हे मसाल्यांचे दुकान १९४४ साली एका आर्मेनियन माणसाने सुरू केले. आज तिथे हळद, हिंग आणि डाळी घ्यायला आपले लोक जातात. त्याच इमारतीत १८८१ साली चेस्टर आर्थर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली होती. या रस्त्याने जाताना २७व्या रस्त्यावरून गेले, तर सेंट इल्युमिनेटर्सचे दर्शनही बाहेरून का होईना, होते.

एवढ्यावर थांबावे. एम्पायर स्टेट इमारत आणि टाइम्स स्क्वेअर त्याच दिवसात कोंबण्याची विनंती कोणीतरी करणारच. तिला नम्रपणे नकार द्यावा. रविवारी संध्याकाळी लिंकन बोगद्याकडे जाणारे रस्ते तुंबतात, म्हणून साडेतीनला बसमध्ये माणसे मोजून निघालेले चांगले.

परतल्यानंतर

आठवड्याच्या आत कॅथेड्रलला आभाराचे पत्र आणि गटाच्या वतीने देणगीचा धनादेश पाठवावा. रोख रक्कम त्याच दिवशी कोणाच्या तरी हातात देण्यापेक्षा हे बरे, कारण दोन्हीकडच्या हिशेबात नोंद राहते. फोटो धर्मग्रामाच्या पत्रिकेत छापायचे असतील आणि त्यांत यजमान किंवा त्यांची मुले असतील, तर आधी त्यांची परवानगी मागावी. बसचा, टोलचा आणि शुल्काचा हिशेब पुढच्या रविवारी सूचनाफलकावर लावावा. ज्यांनी पैसे भरले पण आजारपणामुळे येता आले नाही, त्यांना किती रक्कम परत द्यायची, याचा निर्णय नोंदणीच्या अर्जावरच छापलेला असावा.